चिपाडांतली साखर आणि कामाला लावलेले जंतु



१९१७ सालच्या शरद ऋतूंत इंग्लंडांतील शाळाशाळांतून एक चमत्कारिक आवाहन करण्यांत आलें. मुलांनीं रानांत जाऊन हॉर्स चेस्टनट नांवाच्या झाडाचीं फळें वेंचावीं आणि सरकारच्या स्वाधीन करावीं. हीं फळें माणसाच्या खाण्याच्या उपयोगाचीं नाहींत. तीं दोऱ्यांत ओंवून एकमेकांच्या फळावर आपटण्याचा खेळ तिकडचीं मुलें खेळतात, इतकेंच. तीं कशाला हवीं होतीं, तर तोफा-बंदुकांच्या दारूसाठीं असिटोन नांवाचें द्रव्य लागत असे, आणि मँचेस्टर येथील रसायनशास्त्रज्ञ खाइम वाइझमन यांनीं पिष्टापासून तें तयार करणारा एक जंतु हुडकून काढला होता. (हेच वाइझमन पुढें १९४९ सालीं इस्राएलचे पहिले अध्यक्ष झाले.) जंतूला मका चारीत. जर्मन पाणबुड्यांमुळें मक्याची आवक घटली, तेव्हां चेस्टनटवर त्याला पोसून पाहावें असें ठरलें. मुलांनीं काम मनापासून केलें. परंतु वाहतुकीच्या अडचणींमुळें कित्येक ढीग रेल्वेच्या स्टेशनांवरच कुजले, आणि जीं फळें किंग्ज लिनच्या कारखान्यापर्यंत पोंचलीं त्यांतूनही असिटोन बेताचेंच निघालें.

माझा सारा जन्म मास्तरकींत गेल्यामुळें मला या हकीकतींत आधीं त्या मुलांचे कष्ट दिसतात, जंतु मागाहून. पण ती सांगण्याचें कारण निराळें आहे. तें शेवटीं ध्यानांत येईल.

वाइझमन यांनीं निसर्गांत सांपडला तसा जंतु घेतला. आज जंतूची अंतर्रचनाच बदलून त्याला हवें तें काम शिकवितां येतें, आणि त्याला खाऊं घालावयाचें तें धान्य नव्हे, तर चिपाड, पेंढा, मक्याचीं ताटें असा शेतांतला उरलासुरला माल. ऊंस पिळून झाला कीं चिपाडांतली गोडी संपली असें आपण समजतों. वस्तुतः वाळलेल्या चिपाडाच्या वजनांत निम्म्याहून अधिक भाग साखरेचाच असतो. मात्र ती साखर सुटी नसून माळेंत ओंवलेली असते. एका माळेचें नांव सेल्युलोज. तिचे मणी ग्लुकोजचे. दुसरी हेमिसेल्युलोज, तिच्यांत मुख्यतः झायलोज नांवाची साखर. ग्लुकोजच्या कणांत कार्बनचे सहा अणु, झायलोजच्या कणांत पांच. या एका अणूच्या फरकानें शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षें अडवून धरलें, कारण मद्यार्क करणारें आपलें नेहमींचें यीस्ट सहाची साखर चट्ट करतें आणि पांचाच्या साखरेला तोंडही लावीत नाहीं.

पांचाची साखर आनंदानें खाणारा एक जंतु मात्र आपल्या सर्वांच्या आंतड्यांत आहे. थिओडोर एशरिश यांनीं १८८५ सालीं त्याचें वर्णन केलें, म्हणून त्याला एशरिशिया कोलाय किंवा थोडक्यांत ई. कोलाय म्हणतात. त्याच्या कांहीं जाति रोग करतात. बहुतेक निरुपद्रवी आहेत. तो दोन्ही साखरा खातो, परंतु हवेविना ठेवला असतां त्यांचें करतो काय, तर थोडें लॅक्टिक अम्ल, थोडें असेटिक, थोडें फॉर्मिक, थोडा मद्यार्क, असा सगळा काला. उलट झायमोमोनास नांवाचा दुसरा एक जंतु मद्यार्क करण्यांत अत्यंत तरबेज. मेक्सिकोंत घायपाताच्या जातीच्या झाडाच्या रसापासून पुल्के नांवाचें पेय करतात, त्यांत तो आढळला. ताडाच्या आंबलेल्या रसांतही तो असतो. पण याला झायलोज चालत नाहीं. फ्लॉरिडा विद्यापीठांतील लॉनी इन्ग्रम आणि त्यांचे सहकारी यांनीं १९८७ सालीं या दुसऱ्या जंतूचीं दोन जनुकें काढून पहिल्यांत घातलीं, आणि सर्व साखरा खाऊन मुख्यतः मद्यार्कच देणारा ई. कोलाय तयार झाला. मार्च १९९१ मध्यें अमेरिकन सरकारनें या शोधाला पेटंट दिलें. त्याचा अनुक्रमांक होता बरोबर पन्नास लाख.

पुढें याच प्रयोगशाळेंत त्या जंतूकडून दह्यांतलें लॅक्टिक अम्ल करून घेतलें. त्यापासून कुजून जाणारें प्लॅस्टिक होतें. २००८ साली प्रसिद्ध झालेलें सक्सिनिक अम्लाचें काम मला विशेष आवडतें. हवेविना जगणाऱ्या जंतूला साखर फोडतांना सुटणारे इलेक्ट्रॉन कोठें तरी टाकावेच लागतात. संशोधकांनीं त्याच्या इतर वाटा एकेक करून बंद केल्या आणि सक्सिनिक अम्लाची तेवढी उघडी ठेवली. म्हणजे जगावयाचें असेल तर आम्हांला हवें तें अम्ल कर! आरंभीं जंतु कसेबसे वाढले. मग त्यांतले थोडे नव्या रसांत, पुन्हां थोडे नव्या रसांत, असें पुनःपुन्हां केलें. जे जलद वाढत तेच पुढच्या इयत्तेंत जात, आणि जलद वाढणें म्हणजे अधिक अम्ल करणें. परीक्षा अशी घेतां आली असती तर आम्हां मास्तरांचे किती कष्ट वांचले असते!

एवढ्यानें भागलें असें मात्र नाहीं. माळ तोडून साखर सुटी करावयाची तर चिपाड सौम्य आम्लांत तापवावें लागतें, आणि त्या तापांत थोडें झायलोज करपून फुर्फुराल नांवाचें विष उत्पन्न होतें. त्यानें जंतूची वाढ खुंटते. इन्ग्रम यांच्या मंडळींनीं जंतूंना हळूहळू वाढत्या विषाची संवय लावली, तेव्हां त्यांना दाद न देणारा एक वाण मिळाला. आपल्याला वाटेल, हा विष अधिक वेगानें पचवीत असेल. २००९ सालीं कळलें तें अगदीं उलट. विषाचें रूपांतर करणारीं त्याचीं दोन जनुकें मुकीं झालेलीं होतीं! कारण असें कीं, तें रूपांतर करण्यांत पेशी आपली एक मोलाची रासायनिक शिल्लक खर्चीत होती, आणि प्रथिनांना लागणारें गंधक पचविण्यासाठीं तीच शिल्लक हवी असते. पेरणीसाठीं राखलेलें बियाणें विकून वैद्याचें बिल भागवावें, त्यांतला हा प्रकार. हा जंतु विषानें तितका अडत नव्हता, जितका औषधाच्या खर्चानें अडत होता. खर्च थांबविला, तो वाढूं लागला.

आतां कारखान्याकडे येऊं. १९९५ साली कोलोराडोंतील गोल्डन येथील सरकारी प्रयोगशाळेनें इन्ग्रम यांच्या उलट युक्ति केली. ई. कोलायचीं चार जनुकें झायमोमोनासमध्यें घालून त्याला झायलोज खावयास शिकविलें. अशाच सुधारलेल्या झायमोमोनासवर ड्यूपाँट कंपनीनें आयोवा संस्थानांतील नेवाडा गांवीं मोठा कारखाना उभारला आणि ऑक्टोबर २०१५ मध्यें त्याचें उद्घाटन केलें. योजना वर्षाला तीन कोटि गॅलन मद्यार्काची. माल म्हणजे भोंवतालच्या सुमारें तीस मैलांच्या टापूंतील शेतांतलीं मक्याचीं ताटें. दोन वर्षांतच, नोव्हेंबर २०१७ मध्यें, कंपनीनें तो बंद करण्याचें जाहीर केलें आणि २०१८ सालीं तो एका जर्मन कंपनीनें विकत घेतला. ड्यूपाँटनें सांगितलें तें कारण व्यापारी धोरणाचें होतें. परंतु ताटांचा व्यवहार पाहिला तर मला किंग्ज लिनचीं फळें आठवतात. कापणीनंतरच्या थोड्या आठवड्यांत सारा माल गोळा करावयाचा, गठ्ठे बांधावयाचे, वर्षभर पावसापासून आणि आगीपासून जपावयाचे; वजनाला हलका, जागेला भारी, आणि अंगाला शेतांतली माती. शिवाय सगळींच ताटें उचलून नेलीं तर जमिनीला काय राहिलें? आपल्याकडील शेतकऱ्याला कोणी कडबा टाकाऊ आहे म्हटलें, तर तो आपला बैल दाखवील.

या बाबतींत चिपाडाची गोष्ट मात्र वेगळी. तें ऊंसाच्याच गाडींतून येतें, आणि गोळा करण्याच्या खर्चावांचून साखर-कारखान्याच्या आवारांत पडतें. पण तेथेंही त्याच्यासाठीं बॉयलर तोंड उघडून बसलेला असतो. साखर शिजविण्याची वाफ आणि कित्येक ठिकाणीं विकण्याची वीजही त्याच चिपाडावर होते. जंतूंसाठीं चिपाड मागावयास जो जाईल, त्याला कारखानदार पहिला प्रश्न हाच विचारील कीं, मग माझा बॉयलर कशावर चालवूं?