स्टिअरिंग जड झालं तर...



काही वर्षांपूर्वी साताऱ्याहून येताना, खंबाटकीच्या बोगद्यापुढच्या एस वळणावर आमच्या गाडीचं स्टिअरिंग एकदम जड झालं. मागे नात झोपलेली. हातपाय गळाले!

पण लक्षात ठेवा, पॉवर स्टिअरिंग बंद पडतं तेव्हा पंपाची किंवा मोटरची मदत जाते. चाकांशी असलेला सांधा सहसा शाबूत असतो. गाडी वळते, फक्त जोर लागतो. धावत्या गाडीचं इंजिन बंद करू नका, नाहीतर ब्रेकही कडक होतील. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा, वेग हळूहळू कमी करा, चारही इंडिकेटर लावून कडेला थांबा.

डॅशबोर्डवरचा स्टिअरिंगचा दिवा सकाळीच लागला होता. मी म्हटलं, "घरी जाऊन बघू." तुम्ही तसं म्हणू नका.