विमानाची छत्री

पॅराशूट म्हटलं की आपल्याला आधी खोबरेल तेलाची निळी बाटली आठवते. आज बोलूया खऱ्या पॅराशूटबद्दल, आणि तेही माणसाच्या पाठीवरच्या नाही, तर अख्ख्या विमानाला जोडलेल्या.

मोठ्या प्रवासी विमानांत ते नसतं. तेवढं वजन पेलायचं कसं? पण अमेरिकेतल्या सिरस कंपनीच्या चार-पाच जणांच्या लहान विमानांत ते असतंच. कंपनीच्या संस्थापकांपैकी ॲलन क्लॅपमायर १९८५ साली हवेतल्या टकरीतून वाचले. दुसऱ्या विमानाचा वैमानिक मात्र गेला. तिथून त्यांनी हा ध्यास घेतला.

वैमानिकाच्या डोक्यावर छताला एक लाल मूठ असते. ती जोर लावून ओढली की छोटं रॉकेट सुटतं, छत्री बाहेर खेचतं आणि विमान तिच्याखाली लोंबकळत उतरतं. अलगद नव्हे हं! बारा-तेरा फुटांवरून पडावं तसा दणका बसतो. शिवाय विमान मग वैमानिकाच्या हातात राहत नाही. वारा नेईल तिकडे जायचं, झाडावर, विजेच्या तारांवर, नाहीतर पाण्यात. अपघातात रॉकेट न सुटता राहिलं, तर मदतीला धावणाऱ्यांच्याच जिवाला धोका. दर दहा वर्षांनी छत्री बदलायची, तो खर्च वेगळा.

काही जण म्हणतात, छत्री आहे म्हणून वैमानिक नको ते धाडस करतात. असेल. पण मला त्याहून मोठी वाटते ती संकोचाची गोष्ट. सुरुवातीच्या वर्षांत मूठ डोक्यावर असूनही ती न ओढता माणसं गेली. ‘थांब, मी सावरतो’ म्हणत विमान खाली येत राहतं. सरळ उडणाऱ्या विमानालाही छत्री उघडेपर्यंत चारशे फूट लागतात. गिरक्या घेत असेल तर नऊशेच्या वर. पुढे कंपनीनं आणि विमानमालकांच्या संघटनेनं शिकवण बदलली. मूठ कधी ओढायची ते उड्डाणाआधीच ठरवायचं, मोठ्यानं बोलून दाखवायचं. त्यानंतर जीवघेणे अपघात खूप कमी झाले.

जानेवारी २०१५ मध्ये हवाई बेटांकडे निघालेल्या अशाच एका विमानात टाकीतलं इंधन इंजिनापर्यंत पोचेना. एकट्या वैमानिकानं तटरक्षक दलाला कळवलं, जवळचं प्रवासी जहाज गाठलं आणि तिथं मूठ ओढली. विमान समुद्रात टेकलं, तो रबरी तराफ्यात चढला आणि जहाजानं त्याला उचलून घेतलं.