घरातील कागदपत्रे आणि आपल्या मुलांचे शिक्षण

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात एका शिक्षकाने केलेले भाषण)





शिक्षणावर बोलायचे म्हटले की आपण अभ्यास, शिस्त आणि परीक्षा यांवर बोलतो. आज मी आपल्या घरातील कागदपत्रांवर बोलणार आहे. विषय ऐकून काही जण हसतील. परंतु जून-जुलै महिन्यांत शाळेच्या कार्यालयापुढे होणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे ते हसणार नाहीत. उत्तम गुणांनी पास झालेली मुलगी शिष्यवृत्तीच्या यादीतून गळते. कारण काय, तर वडिलांचे नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर वेगळे! श्रीमंताचा कागद हरवला तर त्याचा पैसा जातो. गरिबाचा कागद हरवला तर त्याच्या मुलाचे वर्ष जाते.

लिहून ठेवण्याची शिकवण आपल्याला नवीन नाही. कुरआन शरीफमधील सर्वांत मोठी आयत, म्हणजे सूरह बकरहमधील २८२ वी, उधारीच्या व्यवहाराची लेखी नोंद करण्याविषयी आहे. व्यवहार लहान असो वा मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असे तीत बजावले आहे. ज्यांना ही शिकवण मिळाली त्यांच्या घरात जन्माचा दाखला गादीखाली आणि रेशनकार्ड पिठाच्या डब्यामागे सापडावे, हे आपल्याला शोभत नाही.

या कामाला कपाट लागत नाही की महागड्या फाइली लागत नाहीत. घरातील एक जुनी पत्र्याची पेटी, गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची जाड पाने, थोडा दोरा आणि मुलाची अर्धी कोरी राहिलेली वही, एवढे सामान पुरे. कॅलेंडरची पाने दुमडून पाच मोठी पाकिटे करा. पहिल्यात जन्म, निकाह आणि मृत्यू यांचे दाखले. दुसऱ्यात शिक्षणाचे कागद. तिसऱ्यात आधार, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, तसेच जातीचे व उत्पन्नाचे दाखले. चौथ्यात घर-जमिनीचे : सातबारा, फेरफार, घरपट्टीच्या पावत्या, भाडेकरार. पाचव्यात बँक, पोस्ट व विमा यांचे कागद आणि देण्याघेण्याच्या चिठ्ठ्या. प्रत्येक पाकिटावर ठळक अक्षरांत नाव लिहा.

आपल्या कोकणच्या हवेत टाचण्या आणि स्टेपलच्या पिना पावसाळ्यात गंजतात आणि कागदाला डाग पाडतात. म्हणून कागद दोऱ्याने बांधा. पाकिटे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मगच पेटीत ठेवा आणि पेटी पलंगाखाली न ठेवता माळ्यावर किंवा उंच फळीवर ठेवा. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण आणि महाड येथे पाणी घरांत शिरले तेव्हा खालचे सगळे भिजले. पावसाळा संपला की कागद एकदा सावलीत हवेवर काढावेत.

आणखी एक विनंती. मूळ प्रमाणपत्रे लॅमिनेट करू नका. परदेशी नोकरीसाठी साक्षांकनाचे शिक्के मूळ प्रमाणपत्राच्या पाठीवर मारावे लागतात. प्लॅस्टिक चिकटवलेल्या कागदावर ते कसे मारणार? एटीएमच्या चिठ्ठीवरची अक्षरेही काही महिन्यांत उडून जातात. ती जपायची असेल तर तिची झेरॉक्स काढावी.

आता वहीकडे वळू. पेटीपेक्षाही वही महत्त्वाची आहे. प्रत्येक कागदासाठी एक ओळ : कागदाचे नाव, क्रमांक, तारीख, देणारे कार्यालय, मुदत केव्हा संपते, आणि शेवटचा रकाना ‘बाहेर कोणाकडे दिला’. पासपोर्ट दहा वर्षांनी, लहान मुलांचा पाच वर्षांनी नवा करावा लागतो. मुलांच्या आधारची बोटांच्या ठशांची नोंद पाचव्या व पंधराव्या वर्षी करावी लागते. हे डोक्यात राहत नाही, वहीत राहते. मूळ कागद कोणाला दिला तर त्या शेवटच्या रकान्यात तारीख घाला आणि परत आल्यावरच ती ओळ खोडा. एजंटाच्या हाती मूळ कागद ठेवून निश्चिंत होणे यासारखा दुसरा धोका नाही.

वहीच्या पहिल्या पानावर घरातील प्रत्येकाचे संपूर्ण नाव मराठीत आणि इंग्रजी स्पेलिंगसह लिहा. आपल्यातील निम्मा घोटाळा इथेच आहे. एकाच गृहस्थाचे नाव शाळेच्या दाखल्यावर ‘महमद’, रेशनकार्डावर ‘मोहम्मद’ आणि तिसऱ्या कागदावर संक्षेपाने लिहिलेले. मुलीच्या नावापुढे कुठे ‘बी’, कुठे ‘बानू’, कुठे ‘बेगम’. ‘शेख’ एका ठिकाणी आरंभी, तर दुसऱ्या ठिकाणी शेवटी. आपल्याला माहीत असते की माणूस एकच आहे. खिडकीपलीकडील कारकुनापुढे मात्र ती तीन माणसे होतात. त्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याने कागदच पाहायचा असतो. म्हणून कोणताही अर्ज भरताना वही शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर तिच्यातून उतरवा.

हे नाव ठरते कोठे? जन्माच्या नोंदीत. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असते. त्या वेळी बाळाचे नाव ठरले नसेल तर ते नोंदणीपासून बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत तर शाळाप्रवेश, पासपोर्ट, वाहन परवाना अशा अनेक कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नव्हे, हेही ध्यानात ठेवा.

दुसरे ठिकाण म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर. मुलाला पहिलीत घालायला शेजारी किंवा चाचा येतात, अंदाजाने तारीख सांगतात आणि ती आयुष्यभर चिकटते. विद्यार्थी शाळेत असेपर्यंत योग्य पुरावा दिल्यास शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने दुरुस्ती होऊ शकते. शाळा सोडल्यावर तीच दुरुस्ती फार कठीण होते. म्हणून नववीत असतानाच एकदा शाळेत येऊन नोंद डोळ्यांनी पाहा. दहावीच्या अर्जावर जे जाईल तेच गुणपत्रिकेवर येईल.

जातीच्या दाखल्याविषयी थोडे सांगतो. आपल्यातील मोमीन, पिंजारी, अत्तार, तांबोळी अशा अनेक जमाती महाराष्ट्रात इतर मागासवर्गात मोडतात. दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या महाराष्ट्रातील वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो. अडचण अशी की आपल्या वाडवडिलांच्या शाळेतील नोंदीत जातीच्या रकान्यात पुष्कळदा नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले असते. अशा वेळी आजोबांचे, चुलत आजोबांचे, फुफीचे असे सर्वांचे प्राथमिक शाळेतील उतारे तपासावे लागतात. गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या, ज्यांना लोक कोतवाल बुक म्हणतात, त्याही पाहाव्या लागतात. त्यांतील काही मोडी लिपीत असतात. हा शोध प्रवेशाच्या आठवड्यात पुरा होत नाही. मूल आठवीत असताना सुरुवात करा. एका भावाने शोधलेला उतारा साऱ्या खानदानाच्या उपयोगी पडतो, म्हणून त्याच्या प्रती नातेवाइकांत वाटा.

भगिनींनो, आता तुमच्याशी बोलतो. आपल्या किनारपट्टीवरील कितीतरी घरांतील कर्ते पुरुष आखातात असतात. बँकेचे पुस्तक कोठे आहे, विम्याचा हप्ता केव्हा, घर कोणाच्या नावे, वारस म्हणून कोणाची नोंद आहे, हे घरच्या बाईला ठाऊक नसेल तर संकटाच्या दिवशी तिला परक्यांच्या दारात उभे राहावे लागते. दहा वर्षे कोणी हात न लावलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करतात. त्या वारसांना परत मिळतात, पण ठेव होती हे आधी माहीत तर हवे! निकाहनाम्याची प्रत प्रत्येक विवाहितेने स्वतःजवळ ठेवावी. पेटीची किल्ली कोणाकडेही असो, वही मात्र तिला वाचता आली पाहिजे.

मोबाइलमध्ये फोटो आहेत, मग पेटी कशाला, असे तरुण मंडळी विचारतील. फोटो म्हणजे आठवण. तो दाखला नव्हे. २०१५ साली सुरू झालेल्या सरकारी डिजिलॉकरमध्ये संबंधित खात्याकडून थेट आलेला कागद मात्र मुळासारखाच ग्राह्य आहे. त्यात खाते उघडायला पैसे पडत नाहीत. तेही करा आणि पेटीही ठेवा.

विद्यार्थी मित्रांनो, हे काम तुमचे आहे. आई-वडिलांना लिहिता येत नसेल तर तुम्ही लिहा. येत्या रविवारी दोन तास बसा, अब्बांकडून सर्व कागद मागून घ्या आणि पहिले पान पुरे करा. ज्या नावांत फरक आढळेल त्यांखाली लाल रेघ ओढा. मग कोणत्याही शनिवारी शाळा सुटल्यावर वही घेऊन आमच्याकडे या. कोणती दुरुस्ती आधी करावी, अर्ज कोठे द्यावा, हे आम्ही शिक्षक बसून सांगू. त्यासाठी कोणाला एक पैसाही देण्याची गरज नाही.