मुखपृष्ठावरचा स्वल्पविराम
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आम्ही एका पुस्तकाच्या मुखपृष्ठाविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, वर्धापनदिनाला हा काय विषय? पण जरा ऐकून घ्या.

आपल्या वस्तीतली एक मुलगी कला महाविद्यालयात शिकते. अभ्यासाचा भाग म्हणून तिला एका पुस्तकाचे मुखपृष्ठ करायचे होते. तिने बाबासाहेबांचे 'जातिप्रथेचे विध्वंसन' निवडले. पहिले चित्र झटक्यात झाले. मधोमध बाबासाहेबांचा फोटो, मागे उगवता सूर्य, खाली तुटलेली साखळी. शिक्षकांनी एवढेच विचारले, "पुस्तक वाचलंस का?" पुस्तक घरात होते, वाचलेले नव्हते.

मग ती रोज संध्याकाळी विहारात येऊन वाचू लागली. अडले की आम्हाला विचारी. आम्ही गिरणी कामगार, शाळा अर्ध्यावर सुटलेली. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर वाचले. पण या पुस्तकाचा इतिहास आम्हाला सांगता आला.

बंधूंनो, हे पुस्तक म्हणजे न झालेले भाषण आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना आपल्या 1936 सालच्या परिषदेचे अध्यक्ष नेमले. भाषण आधी वाचून मंडळी बिचकली. धर्मग्रंथांवरचा, हिंदू समाज सोडण्याविषयीचा काही मजकूर गाळा, असे म्हणू लागली. बाबासाहेबांनी कळवले की एक स्वल्पविरामसुद्धा बदलणार नाही. परिषद रद्द झाली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापून विकायला ठेवले. 1500 प्रती दोन महिन्यांत संपल्या.

हे समजले आणि मुलीने पहिले चित्र बाजूला ठेवले. नवे केले ते असे : पांढरा कागद, वर पुस्तकाचे नाव, आणि मधोमध एकच मोठा, काळा स्वल्पविराम. बस्स!

तिने ते विहारात दाखवले तेव्हा चर्चा तापली. एक ज्येष्ठ ताई म्हणाल्या, "बाळ, बाबांचा फोटो नाही तर आमच्यासारख्या अडाणी बाईनं पुस्तक ओळखायचं कसं?" हा प्रश्न खोटा नव्हे. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनी तो फोटो भिंतीला लावूनच लेकरांना शाळेत धाडले. मुलगी म्हणाली, "आजी, फोटो बघून माणूस हात जोडतो आणि पुस्तक कपाटात ठेवतो. मीही तेच केलं. हे चिन्ह बघून तो विचारील, हे काय? उत्तर पाहिजे तर पुस्तक उघडावं लागेल." मग आजीचा मान राखून तिने मलपृष्ठावर छोटा फोटो घेतला आणि स्वल्पविरामाची हकिगत चार ओळींत लिहिली.

आणखी एक गोष्ट ती शिकली. रंगीत छपाईला चार रंगांच्या चार प्लेटा लागतात, एका रंगाला एकच. खर्च कमी, म्हणून किंमत कमी. 1936 साली या पुस्तकाची किंमत 8 आणे होती, तेव्हा गांधीजींनी 'हरिजन'मध्ये लिहिले की ती 2 आणे, निदान 4 आणे करावी. पुस्तकाच्या मजकुरावर दोघांचा वाद झाला तो झालाच, पण पुस्तक गरिबाच्या हाती पडावे हे आपल्यालाही पटते. मुलीने काळा एकच रंग घेतला तो याच हिशोबाने.

आमच्या गिरणीत ताग्यावर छाप बसे. छाप चांगला असला की गिऱ्हाईक थांबे, पण घेताना कापड बोटांत धरूनच पाही. मुखपृष्ठाचे काम त्या छापाएवढे. कापड आत आहे.

म्हणून दोन विनंत्या. पालकहो, पोर चित्र काढते म्हणून तिला रागावू नका. डॉक्टर-इंजिनियर हवेतच, पण आपली पुस्तके, आपली पत्रके आपल्या मुलांनी सजवली पाहिजेत. आणि दुसरी : हे पुस्तक पुष्कळांच्या घरी आहे. येत्या रविवारपासून वंदनेनंतर अर्धा तास त्याचे वाचन करू. ज्या आजीने प्रश्न विचारला, त्या पुढच्या रांगेत बसणार आहेत. त्यांना ऐकू जाईल असे मोठ्याने वाचणारी मुले-मुली पाहिजेत. नावे आजच द्या.

नमो बुद्धाय! जय भीम!