म्हातारपणाचे गाव

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मला बोलावयास सांगितले आहे ते निवृत्तीनंतरच्या वास्तव्यावर. हा विषय आजवर पारावर बसून पुरुषमंडळींनी बोलावयाचा, असाच आपल्याकडे रिवाज. नोकरी त्यांची, पेन्शन त्यांचे, तेव्हा गावही त्यांनीच ठरवावयाचे! आपण आपली भांडी पोत्यात भरावयाची. पण बायांनो, थोडा हिशेब करून पाहा. नवरा बायकोपेक्षा वयाने मोठा असतो आणि बायकांचे आयुष्य सरासरीने पुरुषांहून अधिक असते. म्हणजे म्हातारपणासाठी जे गाव निवडले जाते, तेथील शेवटची वर्षे बहुधा बाईलाच एकटीने काढावी लागतात. हे बोलणे अशुभ मानून आपण टाळतो. मला मात्र वाटते, की ज्याला जेथे जास्त दिवस राहावयाचे त्याला आधी विचारावे, एवढे साधे हे आहे.

परराज्यात जाऊन राहणे आपल्या पहूरच्या बायकांना नवे आहे काय? मुळीच नाही. १९४८ पर्यंत अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे निजामाचे राज्य होते. आपल्या आज्या-पणज्या त्याला मोगलाई म्हणत. फर्दापूर-अजिंठ्याची मुलगी पहूरला दिली, की ती दुसऱ्या राज्यातच आली! उलट सुरत आज परराज्यात आहे. पण १ मे १९६० पर्यंत सुरत आणि आपला पूर्व खानदेश एकाच मुंबई राज्यात होते. राज्यांच्या रेषा सरकतात. वाघूरचे पाणी मात्र पूर्वीपासून तापीलाच मिळते, आणि तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावून, बुऱ्हाणपूर पाहून, आपल्या खानदेशातून सुरतेला जाते. तीन राज्यांची ती एकच नदी.

पूर्वी म्हातारपणी काशीला जात. तेथे अहल्याबाई होळकरांनी विश्वनाथाचे देऊळ पुन्हा उभे केले, म्हणून आपल्या माणसांना ते क्षेत्र परके वाटले नाही. पण काशीवासाला गेलेल्या कितीतरी विधवांना घरच्यांनी अडगळ म्हणून पाठवले होते, हेही विसरता कामा नये. जाणे आणि पाठवले जाणे यांत फरक आहे. आजच्या विषयाचे मर्म मला त्यातच दिसते.

आता आमच्या घरचीच गोष्ट सांगते. यजमान शाळेतून निवृत्त झाले. मुलगा सुरतेला, मुलगी इंदूरला. मुलाचे म्हणणे, पहूरचे घर विकावे, पैसे त्याच्या नव्या फ्लॅटमध्ये घालावेत आणि सर्वांनी एकत्र राहावे. त्याच्या मनात वाईट काही नाही. तरी आम्ही दोघांनी ठरवले, की आधी पाहून यावे. सुरत, बुऱ्हाणपूर व इंदूर या तिन्ही ठिकाणी आम्ही पंधरा-पंधरा दिवस राहिलो. पाहुणे म्हणून नव्हे. भाजी मी आणली, दवाखान्यात मी गेले, बसने मी फिरले.

सुरतेत आपली माणसे पदोपदी भेटतात. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेशी बोली ऐकून पाचोऱ्याच्या बाजारात आल्यासारखे वाटते. महापालिकेच्या मराठी शाळाही आहेत. जळगावहून उधन्यापर्यंत थेट रेल्वे, सुमारे तीनशे किलोमीटर. सोय उत्तम. पण दोन गोष्टी मनात राहिल्या. पाट्या गुजरातीत. ती लिपी अवघड नाही, शिरोरेषा काढून टाकली की निम्मी अक्षरे ओळखीची निघतात. मात्र औषधाच्या दुकानात घाईच्या वेळी 'निम्मी' पुरत नाहीत. दुसरे म्हणजे, ऑगस्ट २००६ मध्ये तापीला महापूर येऊन सुरतेचा बराच भाग पाण्याखाली गेला होता. गुडघे म्हणतात तळमजला घ्या, नदी म्हणते वरचा घ्या!

बुऱ्हाणपूर तर आपले शेजारीच. केळी तीच, उन्हाळा तोच, बाजारात मराठी सर्रास चालते. भुसावळहून गाडीत बसले की फार वेळ लागत नाही. पण तेथे आमचे म्हणावे असे कोणी नाही. एकटीवर वेळ आली तर हाक कोणाला मारावी, या प्रश्नाला उत्तर मिळेना.

इंदूरला जायला मुक्ताईनगर, बुऱ्हाणपूर, खंडवा असा रस्त्याचा लांबचा प्रवास आहे, कंबर बोलू लागते. मात्र रात्री आपल्यापेक्षा गार. शहर स्वच्छ, २०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत देशात पहिले आले आहे. भाषा हिंदी, पण लिपी आपलीच, त्यामुळे डॉक्टरच्या पाटीपासून बसच्या नावापर्यंत सारे मला कोणाला न विचारता वाचता येते. होळकरांच्या काळापासून मराठी घरे तेथे रुजली आहेत. १९१७ साली तेथे मराठी साहित्य संमेलन झाले होते, आणि २००१ मध्ये पुन्हा झाले तेव्हा अध्यक्षपदी विजया राजाध्यक्ष होत्या. भरिताची वांगी मात्र आपल्यासारखी नाहीत, हे सांगितलेच पाहिजे.

आता व्यवहाराचे चार शब्द. राज्याची हद्द ओलांडली की काही गोष्टी बरोबर येतात, काही येत नाहीत. एस.टी.तील महिलांची अर्ध्या तिकिटाची सवलत मार्च २०२३ मध्ये सुरू झाली आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा मोफत प्रवास ऑगस्ट २०२२ मध्ये. दोन्ही महाराष्ट्राच्या हद्दीपुरत्या. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन किंवा लाडकी बहीण योजनेचे पैसे हेही महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठीच. ज्या बाईच्या हातात स्वतःचे म्हणून तेवढेच पैसे येतात, तिने गाव सोडण्याआधी हे ध्यानात घ्यावे. बरोबर येते ते असे. अन्नसुरक्षेच्या रेशनकार्डावरील धान्य आता कोणत्याही राज्यात अंगठा लावून मिळते. २०२२ पर्यंत सर्व राज्ये या व्यवस्थेत आली. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत. ते कार्ड योजनेतील परराज्यातील रुग्णालयांतही चालते. पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला २०१४ पासून 'जीवन प्रमाण'ने घरबसल्या देता येतो, त्यासाठी जळगावची खेप नको.

सर्वांत महत्त्वाचे घराविषयी. माझ्या माहितीतील एका बाईंनी नवऱ्याच्या सांगण्यावरून घर विकले, रक्कम मुलाला दिली, कागद काहीच केला नाही. दोन वर्षांत यजमान गेले. आज त्या मुलाकडे आहेत, खायला-प्यायला कमी नाही, पण कोठे जाते म्हटले तर जायला स्वतःचा उंबरठा उरला नाही. भांडण नाही, तक्रार नाही, फक्त परतीची वाट नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात याची तरतूद आहे. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि पुढे ती अट पाळली गेली नाही, तर न्यायाधिकरण ते देणे रद्द ठरवू शकते. पण अट कागदावर स्पष्ट लिहून घ्यावी, तोंडच्या शब्दावर राहू नये. पोटगीचा अर्जही आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येतो, मुलाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. कायदा वापरण्याची वेळ कोणावर न येवो. पण ठाऊक असावा.

आम्ही काय ठरवले, ते ऐकण्याची आपल्याला उत्सुकता असेल. आम्ही इंदूरला जात आहोत. लेकीच्या घरात नव्हे. तिच्या घरापासून चालत जाता येईल अशा दोन खोल्या भाड्याने घेऊन, आधी एका वर्षासाठी. उन्हाळा, पावसाळा, आजारपण सारे एकदा पाहावे, मग पुढचे. पहूरचे घर विकावयाचे नाही. आजवर ते यजमानांच्या एकट्याच्या नावावर होते, आता कागदावर माझेही नाव लागले आहे. किल्ली शेजारीण ठेवणार आहे, कोणी ते मंडळाच्या बालवर्गाला मागितले तर आनंदच आहे.

लेकीच्या गावी राहावयाचे म्हटल्यावर कुजबुज झाली, ती माझ्या कानांवर आली आहे. आपल्याकडे लेकीच्या घरचे पाणीही न पिणारी माणसे होऊन गेली. मुलगा तर अजून पुरता बोलत नाही. त्याचे दुःख मला कळते. लोक त्यालाच नावे ठेवतील, असे त्याला वाटते. मी त्याला एवढेच लिहिले, की सुरतेला तू आहेस म्हणून सुरत माझी आहेच. पण मी जेथे एकटी चालू शकेन तेथे मला राहू दे, म्हणजे तुझ्याकडे मी हौसेने येईन, नाइलाजाने नव्हे.

भगिनींनो, माझाच निर्णय सर्वांना योग्य असे मी म्हणत नाही. कोणाला मुलाचे घर गोड लागेल, कोणाला आपला पहूर सोडवणारच नाही. आपल्या मंडळासारखा आधार, हाक मारताच पेठेतून नि कसब्यातून धावणाऱ्या बायका, तावडी बोलीतले मोकळे बोलणे यांचे मोल कोणत्या योजनेत बसत नाही. ते सोडून जाताना माझे मनही जड आहे. सांगणे एवढेच, की दोघेही हिंडते-फिरते असताना, घरातल्या घरात, हा विषय काढा. यजमानांना विचारा, "तुम्ही नसताना मी तेथे कशी राहीन?" प्रश्न कठीण आहे, पण आज विचारला तर उत्तर दोघांना मिळून शोधता येईल.