पिंजऱ्याबाहेरचा हात

या व्याख्यानाची पत्रिका गावाकडं पोचली तसा कळंब तालुक्यातल्या आमच्या शेजारच्या मावशींचा फोन आला. त्यांचा धाकटा चाकणला ठेकेदाराकडं कामाला आहे. मावशी म्हणाल्या, "आरं, तू ज्याच्यावर बोलणार हाईस ते मशीन आलं म्हंजी आमचं पोरगं माघारी येणार का?" फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही. आजचं बोलणं त्या प्रश्नासाठी आहे. मागच्या रांगांत आयटीआयची मुलं-मुली बसली आहेत, त्यांच्यासाठीही आहे. कारण भूम, परांडा, वाशी, उमरगा इथून पुण्याकडं कामाला जाणारी एसटी कधी रिकामी गेलेली मी पाहिली नाही.

आधी ते मशीन काय आहे ते बघू. मोटारीच्या कारखान्यात वेल्डिंग करणारे मोठे रोबॉट तुम्ही टीव्हीवर पाहिले असतील. ते जाळीच्या पिंजऱ्यात असतात. दार उघडलं की थांबतात, कारण समोर पत्रा आहे की माणूस, हे त्यांना कळत नाही. २०१५ साली हरियाणातल्या मानेसरला चोवीस वर्षांचा एक तरुण अशा रोबॉटच्या जवळ गेला आणि जिवाला मुकला. कोबॉट हा पिंजऱ्याबाहेरचा रोबॉट. खांद्यापासून मनगटापर्यंत सहा सांधे आणि पुढं पकड. पाच किलो उचलणाऱ्या हाताचं स्वतःचं वजन साधारण वीस किलोच्या आसपास. कुठं आदळला, अडकला, तर सांध्यातल्या मोटरवर वाढलेला जोर ओळखून तो थांबतो.

आपण त्याला यंत्रमानव म्हणतो, तिथंच पहिली चूक होते. मानव म्हटलं की डोळे आले, डोकं आलं, मनात काहीतरी आलं. त्याच्यात यातलं काही नाही. 'रोबॉट' हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकानं १९२० च्या नाटकात आणला. त्याचं मूळ वेठीच्या कामात आहे. 'कोबॉट' हा शब्द नव्वदीतला, अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातला. कोलगेट आणि पेश्किन या दोन प्राध्यापकांनी केलेले पहिले कोबॉट स्वतःच्या बळावर हलतसुद्धा नव्हते. बळ कामगाराचं, आणि यंत्र फक्त जड वस्तूला वाट दाखवायचं. कामगाराची पाठ वाचावी, इथून हा विचार निघाला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता सगळ्यात घातक गैरसमज. "कोबॉट आहे, काही होत नाही." हे वाक्य मी स्वतः बोललो आहे. कारखान्याचं नाव सांगत नाही. पत्र्याचे कापलेले तुकडे उचलून ट्रेमध्ये ठेवायचं काम आम्ही कोबॉटला दिलं होतं. परांड्याकडचा एक मुलगा शेजारी उभा राहून तुकडे मोजायचा. एक दिवस ट्रे सरळ करायला त्यानं हात घातला. कोबॉट त्याच्या मनगटाला लागला आणि ठरल्याप्रमाणे थांबला. त्यानं त्याचं काम चोख केलं. पण पकडीतला पत्रा धारेचा होता. नऊ टाके पडले. प्रमाणपत्र होतं ते फक्त कोबॉटच्या हाताचं. त्या हातात काय दिलंय, शेजारी कोण उभं आहे, त्याचा चेहरा किती उंचीवर येतो, हे आम्ही कुणी तपासलंच नव्हतं. पुढं आम्ही पकड फिरवून पत्र्याची धार आतल्या बाजूला घेतली, आणि ट्रेपाशी कुणाचा हात आला की मशीन आधीच थांबेल असा प्रकाशाचा पडदा बसवला. हे दोन दिवसांचं काम होतं. ते पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

माणसाला किती दाब चालेल याचे आकडे ठरलेले आहेत. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय तांत्रिक नियमावलीत शरीराचा एकेक भाग घेऊन मर्यादा दिली आहे. बोटं किंवा तळहात दाबला गेला तर १४० न्यूटन, म्हणजे साधारण चौदा किलोच्या वजनाएवढा दाब. चेहऱ्याला ६५. म्हणजे खाली वाकून काम करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यासमोरून हात जात असेल, तर कमरेपाशी चालणारा वेग तिथं चालणार नाही. २०२५ मध्ये रोबॉटच्या सुरक्षेचं मुख्य मानक नवं झालं, त्यात तर 'सहयोगी रोबॉट' ऐवजी सहयोगी वापर, असा शब्द धरला आहे. मला हे अगदी पटतं. विळा तोच असतो. तो पोराच्या हाती कुठं आणि कसा दिला, यावर सगळं असतं.

दुसरा समज असा, की हे मशीन बघून-बघून आपोआप शिकतं आणि एक दिवस सगळंच करायला लागतं. लाइनवर कोबॉट कसा शिकतो ते सांगतो. पेंडंट म्हणजे पाटीएवढा स्क्रीन. त्याच्या मागचं बटन दाबून धरलं की हात सैल पडतो. मग त्याचं मनगट धरायचं आणि बोल्टच्या डोक्यावर न्यायचं, पहिलीतल्या लेकराचा हात धरून 'अ' गिरवून घेतात तसं. तिथं पॉइंट नोंदवायचा. तिथून थोडं वर उचलायचं, दुसरा पॉइंट. सरळ खाली आणलं तर सॉकेट बोल्टवर तिरकं बसतं, म्हणून आधी वर थांबवून मग उतरवायचं. हे 'आधी वर थांबव' कुणाला सुचतं? ज्यानं स्वतःच्या हातानं हजार बोल्ट आवळलेत त्याला. नुसत्या पदवीवाल्याला हे सुचायला आठवडा लागतो, हे मी पाहिलं आहे. आणि ट्रे दोन बोटं सरकला, की कोबॉट बोल्ट नसलेल्या जागी इमानानं बोल्ट आवळत राहतो. कॅमेरा, सेन्सर जोडले तर थोडं सावरतं, पण तेही कुणीतरी बसवून, शिकवून द्यावं लागतं.

हे फक्त परदेशातल्या बड्या कंपन्यांचं काम, असंही म्हणतात. पण आपल्याच बजाज ऑटोनं डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबॉट्सचे हात २०१० पासून घेतले. ती डॅनिश कंपनी तेव्हा जेमतेम पाच वर्षांची होती. पुढं बजाजकडं असे शंभराहून जास्त हात झाले, आणि चाकणच्या मोटरसायकल जुळणीत त्यांच्यासोबत काम करणाऱ्यांत मोठा वाटा महिलांचा आहे. जोर लावून आवळायचं काम यंत्राकडं गेलं, म्हणून जिथं 'पोरींचं काम नव्हे' म्हणत होते तिथं पोरी उभ्या राहिल्या. आपल्याकडच्या आई-बापांनी हे ऐकावं.

आता मावशींचा प्रश्न. "कोबॉटनं कुणाचंच काम जात नाही" असं विकणारे सांगतात. ते खरं नाही. ज्याच्याकडून आठ तास एकच बोल्ट आवळून घेतात, त्याचं ते काम जाईल. पण उसाच्या फडात हार्वेस्टर उतरला की अख्खा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकदम बाजूला होते. कोबॉट तसा उतरत नाही. तो माणसाच्या कामातली एक हालचाल उचलतो. उरलेल्या कामाचं काय करायचं, त्या माणसाला पेंडंट शिकवायचं की गेटपास जमा करायला सांगायचं, हे मशीन ठरवत नाही. ते व्यवस्थापक आणि ठेकेदार ठरवतात. "रोबॉट आला, म्हणून तुला काढलं" असं कुणी म्हणालं, तर त्या वाक्यात माणसाचा निर्णय यंत्राच्या नावावर घातलेला असतो. कायम कामगाराला प्रशिक्षण मिळतं, कंत्राटी पोराला त्या खोलीत बोलावतही नाहीत, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे, आणि माझा राग तिथं आहे.

म्हणून आपल्या आयटीआयच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. एक हात, एकच, वर्कशॉपमध्ये यावा यासाठी मागणी करा. जुना चालेल. मुलांनी तो धरावा, चुकवावा, लाल बटन दाबून थांबवावा. मी महिन्यातला एक रविवार येऊन शिकवायला तयार आहे.

मावशींना मी उद्या फोन करणार आहे. पोरगं चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या यात्रेला गावी येईलच. त्याला म्हणावं, दर्शन झालं की माझ्याकडं ये. लाइनवर तू नेमकं काय-काय करतोस, ते एकेक हालचाल धरून मला दाखव.