शहाद्याचा रानपिंगळा आणि त्याची चित्रे
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मी पिंगळ्यावर बोलणार असे कळताच काही जणींनी नाक मुरडले. मंगल दिवशी घुबडाचे नाव कशाला! पण हे घुबड आपल्या माहेरचे आहे, म्हणून एवढा वेळ मागून घेते.

पूर्वी परदेशी साहेबलोक पक्षी मारून त्यांची कातडी कापूस भरून ठेवीत, आणि चित्रकार त्यावरून चित्र काढीत. एलिझाबेथ गूल्ड या बाईने १८३० च्या सुमारास हिमालयातील पक्ष्यांची सुंदर चित्रे अशीच काढली. ग्रंथावर नाव मात्र यजमानांचे! वाळलेल्या कातड्यात डोळे नसतात, चोचीचा रंग उडतो, बसण्याची ढब कळत नाही. मग चित्रकार ओळखीच्या पक्ष्याची ढब उसनी घेतो. अंड्यांच्या चित्रांचेही मोठे वेड होते. टिटवीच्या ठिपकेदार अंड्यांवर चित्रकाराचा हात रमावा. पिंगळ्याचे अंडे मात्र पांढरेशुभ्र. ढोलीच्या अंधारात नक्षी हवी कुणाला?

रानपिंगळ्याला ह्यूम साहेबांनी १८७३ साली शास्त्रीय नाव दिले. जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने आपल्या खानदेशातून त्याचे नमुने जमवले. १८८४ नंतर पक्षी जणू नाहीसाच झाला. पुढे मायनर्त्सहागेन नावाच्या इंग्रज गृहस्थाने १९१४ साली गुजरातेत मांडवी येथे तो मिळाल्याचे सांगितले. शोधणारे त्या चिठ्ठीवर विसंबून भलतीकडे हिंडले. अमेरिकेतील विदुषी पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला, तेव्हा पक्षी भरण्याच्या हातोटीवरून तो डेव्हिडसनचाच, संग्रहालयातून चोरून नवी चिठ्ठी लावलेला, असे उघड झाले. विणीवरून विणणारी ओळखतो ना आपण, तसेच हे. मला तर या बाईंचे फार कौतुक वाटते.

मग त्या खऱ्या चिठ्ठ्यांच्या मागे निघाल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात, भर उजेडात, रानपिंगळा समोर बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षांनी! तेव्हा आपण धुळे जिल्ह्यात होतो. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. नंतर मेळघाटात, तानसा भागात, मध्य प्रदेशातही तो आढळला. जिवंत पक्ष्याची छायाचित्रे आल्यावर जुन्या चित्रांतले चुकलेले तपशील लक्षात येऊ लागले.

आपल्या घराजवळच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे, डोके-चोच मोठी, पंख-शेपटीवर ठळक पट्टे. तो दिवसाही हिंडतो, आणि सागाच्या रानात राहतो. ते रान तुटत चालले आहे. शिवाय तोरणमाळ भागात जादूटोण्याच्या समजुतीने घुबडे मारली जातात, असे पाहणी करणाऱ्यांनी नोंदवले आहे. मुलाला ताप आला की घुबड ओरडले म्हणणाऱ्या आजी आपल्याही घरांत आहेत. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना हे चित्र दाखवा.

चहाच्या टेबलामागे दोन्ही पिंगळ्यांची चित्रे शेजारी-शेजारी लावली आहेत. नावे मुद्दाम झाकली आहेत. कोणता कोणता ते ओळखून, मगच चहा घ्या.